दोन्ही मोजे डाव्या हाताचे

४ जानेवारी

प्रिय अक्का,

पार्सल मिळालं. हातमोजे उबदार आहेत, झकास आहेत, आणि दोन्ही डाव्या हाताचे आहेत. अगं, तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारा जोडल्यास, एकही उलटी लागली नाही म्हणून अजून मिरवतेस, आणि सख्ख्या भावाला उजवा हात आहे हेच विसरलीस? हिरवी लोकर संपली म्हणून अंगठे पिवळे केलेस ते पाहून मास्तर म्हणाले, "तुझे अंगठे पिकले रे."

मास्तर म्हणजे माझ्यानंतरच्या पाळीचे ऑपरेटर. शाळेशी संबंध शून्य. पण रजिस्टरमध्ये मी काही लिहिलं की लाल पेनाने शुद्धलेखन तपासतात, म्हणून मास्तर. छताखालचा जुना पाइप बदला, बाहेरून बर्फ चढलाय आणि आतून गंज, असं त्याच रजिस्टरमध्ये त्यांनी तीनदा लिहून ठेवलंय. मालक म्हणतात, वाटाण्याचा हंगाम संपू दे.

आमचं शीतगृह अमोनियाच्या गॅसवर थंड राहतं, हे तुला सांगितलंच होतं. गॅस सुटला तर इशारा द्यायला मशिनघराच्या भिंतीवर घंटा आहे. तिला आम्ही सासूबाई म्हणतो. रोज सकाळी दहाला टाकीच्या तळाचं तेल काढायचं असतं, तेव्हा चिमूटभर गॅस सुटतोच, आणि सासूबाई सुरू! पलीकडच्या हॉलमध्ये पन्नास बायका वाटाणे भरत असतात, त्या पळत बाहेर येणार, काम थांबणार, मालक माझ्या नावाने शंख करणार. हल्ली मात्र सासूबाई शांत असतात. तुझा दुसरा डावाही मी कामाला लावलाय. कुठे, ते विचारू नकोस.

तुझे कान गेल्यापासून फोन बंद झाला, ते एका परीने बरं झालं. पत्रात माणसाला नीट थापा मारता येतात.

आता दीड वाजलाय. पाळी दोनला सुटते, पण पोस्टाची पेटीही दोनलाच उघडतात, तेव्हा जरा आधीच सटकतो. दोन वाजायला दहा कमी असताना मास्तर येतातच, त्यांच्यावर घड्याळ लावून घ्यावं. वीस मिनिटांत काय आभाळ कोसळतंय!

तुझा,
धाकटा


८ जानेवारी

धाकट्या,

परवा संध्याकाळी पेपरात तुमच्या शीतगृहाची बातमी वाचली. सहा गेले, एवढंच होतं, नावं नव्हती. शेजारणीला तुमच्या ऑफिसला फोन लावायला सांगितला. ती म्हणाली, नुसता वाजतोय, कोणी उचलत नाही.

आणि आज सकाळी तुझं पत्र आलं. अक्षर तुझं, थट्टा तुझी. मी दारातच बसकण मारली. मग तारीख पाहिली. चार. म्हणजे अपघाताच्या दिवशीचंच, आणि त्याच्या आधीचं. जिवंत माणसाचं पत्र आहे की गेलेल्याचं, हेच कळेना. दिवसभर ते टेबलावर आहे आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसले आहे.

नुसतं 'आहे' एवढं लिही. पोस्टकार्डावर लिही. पण लगेच लिही.

अक्का


१५ जानेवारी

प्रिय अक्का,

आहे.

लिहायला उशीर झाला, तुझं पत्र फिरत फिरत आलं. मी बरा आहे.

मी वाचलो कारण मी तिथे नव्हतो. पोस्टाच्या पेटीत पत्र टाकलं, कोपऱ्यावर चहा घेतला, आणि परत वळतोय तर रस्त्यावर पांढरं धुकं. भर दुपारी, लख्ख उन्हात. धुक्यातून बायका येत होत्या, पदर तोंडावर धरून, एकही ओरडत नव्हती. ओरडायला श्वास लागतो.

तो छताखालचा पाइप फुटला. हॉलमध्ये सत्तेचाळीस जणी होत्या. बेचाळीस बाहेर आल्या. सगळ्या एकच सांगतात, घंटा वाजली म्हणून पळालो, पण घंटा फार उशिरा वाजली. डोळे चुरचुरत होते, घसा जळत होता, तरी घंटा वाजत नाही म्हणजे रोजचंच असेल, असं समजून त्या वाटाणे भरत राहिल्या.

सहावे मास्तर. ते घंटेखाली सापडले.

शीतगृहालगतची आमची वसाहत रिकामी केली आहे. आम्ही सगळे एका शाळेत राहतोय. मास्तरीणबाई, म्हणजे मास्तरांची बायको, पलीकडच्या वर्गात आहेत, फळ्याकडे तोंड करून बसतात. मला त्यांच्यासमोर जाववत नाही.

चौकशी सुरू झाली आहे. मला विचारलं, पाळी कधी सोडली. मी म्हणालो, दोनला.

तुझा,
धाकटा


२५ जानेवारी

धाकट्या,

तुझं 'आहे' वाचून मी त्या पत्राला पाठ दाखवणं सोडलं.

इथल्या पेपरात रोज येतंय. चौकशीवाल्यांना म्हणे मास्तरांच्या मुठीत एक लोकरीचा बोळा सापडला. घंटेचा आवाज नको म्हणून त्यांनीच तो वाटी आणि हातोडीच्या मध्ये कोंबला होता, असं दिसतं. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, पण माझ्याच्याने राहवत नाही. दुसऱ्याचं शुद्धलेखन तपासणारा माणूस, आणि स्वतः हा असला गाढवपणा! पाच बायकांचा जीव त्या बोळ्याने घेतला. त्यांच्या बायकोला लोक दारात उभं करत नाहीत म्हणे. करतील कशाला?

तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझी पाळी संपली होती. तू काय करणार होतास?

थंडी आहे. मोजे वापरतोस ना? नवा उजवा विणायला घेतलाय.

अक्का


६ फेब्रुवारी

अक्का,

उजवा विणू नकोस. आणि मास्तरांबद्दल पेपर वाचून बोलू नकोस. तू त्यांना पाहिलेलं नाहीस.

रागावलो, माफ कर. झोप नाही.

आम्हाला वसाहतीत परत पाठवलंय. बत्तीस घरं. कारखान्याला सील आहे, आत चिटपाखरू नाही, वीज तोडलेली, फाटकावर एक वॉचमन. चौकशी संपेपर्यंत आतल्या कशालाही हात लावायचा नाही, मागच्या अंगणातल्या अमोनियाच्या मोठ्या गोल टाकीलासुद्धा. वास तर अजून गेलाच नाही. भिंतींत मुरलाय म्हणतात. आठवड्याभरात आमच्या लक्षातही येईनासा झाला.

आता पुढचं वाचून मला वेडा म्हणू नकोस.

घंटा वाजते.

रोज दुपारी, दोन वाजायला दहा कमी असताना. लांबून, लोकरीच्या आडून यावी तशी. पहिल्या दिवशी मी जेवत होतो. हातातला घास तसाच राहिला. वाटलं, कानात वाजतेय. पण बाहेर आलो तर समोरची पॅकिंगवाली दोरीवर कपडे टाकता टाकता थांबली होती, पिळलेल्या चादरीचं पाणी पायावर गळत होतं तरी तिला भान नव्हतं. ती माझ्याकडे बघेना, मी तिच्याकडे बघेना. आता त्या वेळेला सगळी वसाहत खिडक्या लावून घेते. वॉचमन नवा आहे, या कारखान्यात कधी काम केलेला नाही. तो म्हणतो, मला तर काही ऐकू येत नाही बुवा.

बायका म्हणतात, मास्तर पाळीवर येतात. खाडा करणारा माणूस नव्हता.

तुला ऐकू येत नाही, त्याचा मला पहिल्यांदाच हेवा वाटतोय.

धाकटा


१४ फेब्रुवारी

धाकट्या,

हे पत्र दार लावून वाच.

रविवारच्या पुरवणीत पुराव्याचा रंगीत फोटो आला आहे. बोळा नाही तो. हातमोजा आहे. हिरवा, पिवळ्या अंगठ्याचा, डावा. मी चष्मा पुसून पुसून पाहिला. अंगठ्याशी सुटलेला टाका मीच सोडलेला आहे.

तू लिहिलं होतंस की दुसऱ्या डाव्याला कामाला लावलाय. मला वाटलं, चहाचं भांडं उतरवत असशील. हसले होते मी.

त्या मोज्याच्या तळव्याला भोक पडलंय. पेपरवाल्यांना ते दिसलं नसेल, मला दिसलं. टेलिफोनच्या घंटा दुरुस्त करण्यातच माझा जन्म गेला. एका ठोक्याने लोकरीला भोक पडत नाही. हातोडी खूप वेळ आपटत होती, धाकट्या. तुझ्या वीस मिनिटांत ती जीव तोडून वाजत होती, माझ्या लोकरीवर. मास्तरांनी तो मोजा कोंबला नाही. धुकं पाहूनही ते दाराकडे न पळता आत गेले आणि त्यांनी तो उपसून काढला. म्हणून घंटा वाजली. म्हणून बेचाळीस जणी जगल्या. आणि त्यांच्याविषयी मी काय काय लिहिलं! आणि तू ते वाचून घेतलंस.

तुझं चार जानेवारीचं पत्र सोबत परत पाठवते आहे. 'आता दीड वाजलाय' असं त्यात तुझ्याच हाताने लिहिलेलं आहे. चौकशीला दे नाहीतर चुलीत घाल. मी तुझी बहीण आहे, मला ते ठरवता येणार नाही. दोनदा काडी ओढली होती. दोन्ही वेळा विझवली.

आता दुसरं, आणि हे जास्त घाईचं. तुमच्या घंटेत भूतबीत काही नाही. आमच्या एक्स्चेंजमध्ये वीज गेली तरी तळघरातल्या बॅटऱ्यांवर फोन चालत. घंटेलाही तशी बॅटरी असणार. वीज तोडली म्हणजे घंटा मेली असं नव्हे. आणि ती दुपारीच का वाजते? कारण दुपारी उन्हाने गोल टाकी तापते, आतला दाब वाढतो आणि कुठूनतरी गॅस सुटतो. संध्याकाळी गारवा आला की थांबतो. वास भिंतींत मुरत नसतो, वेड्या. तो रोज नवा येतोय. हे फेब्रुवारीचं ऊन आहे. मार्च तोंडावर आला.

तुम्ही बत्तीस घरं खिडक्या लावून बसला आहात, आणि ती घंटा खरंच तुम्हाला बोलावते आहे. एकदा तिचं तोंड बांधलंस. आता कान बांधू नकोस.

अक्का


२४ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर नाही. आज इथे पंख्याखाली बसवत नाही एवढं ऊन आहे. पत्र मिळालं का? रागाव, शिव्या दे, पण त्या टाकीचं सांगितलंस का ते कळव.

अक्का


३ मार्च

प्रिय अक्का,

तुझं पत्र एकोणीस तारखेला मिळालं होतं. आठ दिवस उशीखाली ठेवलं. टाकीचं सांगायला गेलो तर विचारतील, तुला घंटेची एवढी काळजी कधीपासून? आणि तोंडातून बाकीचं सगळं बाहेर पडेल, ही भीती. भित्र्या माणसाला दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येत नाहीत.

सव्वीस तारखेला ऊन फार होतं. त्या दिवशी घंटा थांबलीच नाही. दोनला दहा कमीला सुरू झाली ती तीन वाजेपर्यंत. सव्वातीनला मी तुझं पत्र आणि माझं ते चार जानेवारीचं पत्र घेऊन मास्तरीणबाईंच्या दारात उभा राहिलो. त्यांच्या पायरीवर दोन महिन्यांत कोणी पाऊल ठेवलं नव्हतं. पायरीवर धूळ होती, तिच्यावर माझीच पावलं उमटली.

मी म्हणालो, "वहिनी, तो मोजा माझा आहे. सकाळी दहाला मी कोंबला. काढायचा राहिला. मी दीडला निघून गेलो."

त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. म्हणाल्या, "माहीत आहे."

"कसं?"

"रोज घरी आले की सांगायचे. आजही धाकटा हात विसरून गेला, मी काढून खुंटीला लावला. हसायचे. मी म्हणायचे, तुम्ही मोठ्या साहेबांना सांगा. तर म्हणायचे, पोराची नोकरी जाईल."

रोज, अक्का. मला वाटायचं, मी कधी तरी विसरतो. मी रोजच विसरत होतो, आणि ते रोज दहा मिनिटं आधी येत होते, माझा हात तिथून काढायला.

मी विचारलं, "मग तुम्ही चौकशीत बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले."

मला रडू फुटलं. त्यांनी पाणी दिलं. मग मी त्यांना टाकीचं सांगितलं आणि म्हणालो, आजची घंटा तुम्हीही ऐकलीच असेल. त्यांनी पहिल्यांदा मान वर करून पाहिलं.

"घंटा? मला तर एकदाही ऐकू आली नाही. माझ्यासाठी वाजत नसेल ती."

आम्ही दोघे तसेच चौकशी अधिकाऱ्याकडे गेलो. मी म्हणालो, माझी कबुली नंतर लिहून घ्या, आधी गोल टाकी तपासा, घंटा रोज वाजते आहे. तुझं बॅटरीचं सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं. मग उठून कपाट उघडलं आणि लाखेचं सील लावलेली एक पिशवी टेबलावर ठेवली.

घंटा होती. वाटी, हातोडी, खालचा लाकडी पाट, सगळी. गळ्यात चिठ्ठी: 'पुरावा क्रमांक दोन, जप्त ५ जानेवारी.' मोज्याच्या शेजारीच ती दोन महिने त्या कपाटात पडून होती. भिंतीवर, तो म्हणाला, चार खिळ्यांची भोकं आणि चिकटपट्टी गुंडाळलेल्या दोन तारा आहेत, बाकी काही नाही.

वॉचमन खरं तेच सांगत होता, अक्का. तूही बरोबर होतीस, फक्त बॅटरीपुरती चुकलीस.

माझ्या तोंडाचा रंग पाहूनच त्याने माणसं पाठवली असावीत. गोल टाकीच्या वरच्या झडपेला तडा गेला होता. रोज दुपारी ती गॅस सोडत होती. टाकी तीन चतुर्थांश भरलेली. ते म्हणाले, आणखी आठ दिवस असं ऊन पडलं असतं तर झडप उडाली असती, आणि बत्तीस घरांतल्या कोणाला दारापर्यंत जायलाही वेळ मिळाला नसता. त्याच संध्याकाळी वसाहत हलवली. तीन दिवसांत टाकी रिकामी झाली.

अहवालात आता मास्तरांचं नाव वेगळ्या जागी आलंय. 'यांनी स्वतः अडथळा दूर करून इशारा दिला.' मास्तरीणबाईंनी ती ओळ दोनदा वाचली आणि 'अडथळा'वर बोट ठेवलं. मास्तरांची तीन वेळची पाइपाची नोंदही पुढे आली आहे, तेव्हा मालकांनाही आता उत्तर द्यावं लागेल. माझी नोकरी गेली आणि माझ्यावर खटला चालेल. तो चालावा. तू वकील शोधू नकोस.

काल आम्हाला परत घरी सोडलं. संध्याकाळी मास्तरीणबाईंच्या पायरीवर पॅकिंगवाल्या बसल्या होत्या, सात-आठ जणी. पायरी कोणीतरी धुतली होती.

उरलेला डावा मोजा सोबत पाठवतो आहे. उसवून टाक.

तू विचारशील, आता वाजते का. नाही वाजत. आज दोनला दहा कमी झाले तशी समोरची थांबली, मीही थांबलो. खिडक्या उघड्या होत्या. काही नाही. अगदी शांत. तिने मान हलवली आणि ती आत गेली.

मला मात्र आत जाववेना. ते शांत म्हणजे खरंच शांत, की पुन्हा कुणीतरी काहीतरी कोंबलंय, हे इथे बसून कसं कळणार? चपला घातल्या, फाटकापर्यंत गेलो, वॉचमनला आत नेलं आणि झडपेजवळ उभं राहून त्यालाच वास घ्यायला लावला. माझं नाक आता भरवशाचं नाही. त्याने मान हलवली, काही नाही म्हणाला. मग घरी आलो.

उद्या पुन्हा जाईन. दहा मिनिटं आधी.

तुझा,
धाकटा